नळी फुंकली सोनारे

आमच्या मेहुण्याला उपदेश करणं म्हणजे ‘नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे’! त्यानं पंक्चर काढायचं दुकान टाकलं आणि कॉम्प्रेसरला चक्क बागेत पाणी घालायची नळी जोडली. “भाऊजी, नळी ती नळी! पाण्याऐवजी हवा जाईल, एवढंच.” तिसऱ्याच दिवशी ती फुटली आणि डिवचलेल्या नागासारखी दुकानभर नाचली. मेहुण्याच्या कपाळाला तीन टाके पडले. नवी नळी निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी पडलो बी.कॉम. आणि बँकेतला कारकून. फुटणाऱ्या नसल्या, तरी बुडणाऱ्या गोष्टींचा अनुभव दांडगा!

सवयीप्रमाणे आधी नळीचं जुनं खातं तपासलं. फ्रान्स आणि इटली यांच्यामधल्या आल्प्समध्ये १२ किलोमीटरांहून लांब बोगदा खणताना सोमेलिए या इंजिनिअरनं १८६१ पासून दाबलेल्या हवेवर खडक फोडायची यंत्रं चालवली. वाफेचं इंजिन आत नेलं असतं तर मजूर गुदमरले असते. हवा मात्र यंत्र चालवून वर श्वासालाही उरली. मुद्दल फिटलं आणि व्याजही मिळालं! ते वर्णन वाचून अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसनं ताडलं, की हवेनं डोंगर फुटतो तर आगगाडी का थांबू नये? १८६९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यानं हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. डब्याडब्यांमध्ये नळ्या जोडल्या. पण नळी तुटली, की ब्रेकही गेले!

१८७२ मध्ये त्यानं हिशेब उलटा मांडला. नळीत दाब आहे तोवर ब्रेक मोकळे. नळी तुटली, की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक लावणार. नळीवर त्यानं विश्वास टाकला नाही, म्हणून प्रवाशांना गाडीवर टाकता आला. कर्जदार कितीही सज्जन असो, आमची बँक जामीनदार मागते, ते काय उगीच?

मग बाजार गाठला. पाणी दाबून फारसं आकसत नाही. नळी फुटली, की त्याचा दाब तिथंच संपतो. हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी दबा धरून बसते. म्हणून आत रबर, मध्ये विणलेल्या धाग्यांचा थर आणि वर जाड साल असलेली नळी घेतली. अंगावर छापलेला कामाचा दाब कॉम्प्रेसरच्या कमाल दाबाहून जास्त. फुटायचा दाब त्याच्या चौपट. टोकांना पक्के क्लँप. आणि जामीनदार म्हणून तारेची एक दोरी : जोड सुटला तरी नळीनं नाचू नये.

महिन्यानं दुकानात डोकावलो. नळी ठणठणीत होती. जामीनदार मात्र भिंतीवर ताणलेला, आणि त्याच्यावर मेहुण्याचा टॉवेल वाळत होता.

मी मुकाट्यानं कॉम्प्रेसर बंद केला, नळीतली हवा सोडली, टॉवेल मेहुण्याच्या खांद्यावर टाकला आणि दोरी होती तिथं बांधली. उपदेश केला नाही. दुकानात वारा आधीच पुष्कळ होता.