सान मारीनो, ऑलिंपिकमधील

इटलीने चहूबाजूंनी वेढलेले, सुमारे ६१ चौ. किमी. क्षेत्रफळाचे आणि जेमतेम ३४ हजार वस्तीचे प्रजासत्ताक. रोम येथील १९६० च्या स्पर्धांत त्याने प्रथम भाग घेतला. त्यानंतर सहा दशके पदक मिळाले नाही. सर्वांत जवळची हुलकावणी २०१२ मध्ये लंडनला बसली: आलेसांद्रा पेरिल्ली हिला ट्रॅप नेमबाजीत बरोबरी झाल्याने खेळवलेल्या जादा फेरीअंती चौथ्या स्थानावर थांबावे लागले.

कोविडमुळे २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ स्पर्धांना अवघे ५ खेळाडू गेले आणि त्यांपैकी तिघे पदकविजेते ठरले. २९ जुलैला पेरिल्लीने कांस्यपदक मिळवले. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये पदक जिंकणारे सर्वांत कमी लोकसंख्येचे राष्ट्र हा बर्म्युडाचा मान त्यामुळे सान मारीनोकडे आला. दोन दिवसांनी तिने जान मार्को बेर्ती याच्यासह मिश्र दुहेरीत रौप्यपदक पटकावले. अंतिम लढतीत स्पेनने ४१-४० अशी एका तबकडीने बाजी मारली.

तिसरे पदक भारतीय वाचकांच्या स्मरणात असेल. ८६ किलो गटातील कांस्यपदकाच्या कुस्तीत दीपक पुनिया अखेरच्या काही सेकंदांपर्यंत आघाडीवर होता. तेवढ्यात माइल्स अमीनने ताबा मिळवून ४-२ असा विजय खेचला. अमीन अमेरिकेत वाढलेला असून आईकडील वंशामुळे सान मारीनोचा नागरिक आहे. त्याचे श्रेय यामुळे उणावत नाही.

युरोपातील लहान राष्ट्रांच्या क्रीडास्पर्धांचे पहिले यजमानपदही १९८५ मध्ये याच देशाकडे होते.