बांगलादेश अकॉर्ड

बांगलादेशातील तयार कपड्यांच्या कारखान्यांत आगी लागू नयेत, इमारती कोसळू नयेत यासाठी परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात मे 2013 मध्ये झालेला करार. कामगारांना भरडून शिवलेले कपडे अंगावर नकोत असे वाटणाऱ्या ग्राहकाला विश्वास ठेवता येईल अशा थोड्या गोष्टींत त्याची गणना होते.

कराराला कारण झाली ती राणा प्लाझाची दुर्घटना. ढाक्याजवळील सावर येथील ही आठ मजली इमारत 24 एप्रिल 2013 रोजी सकाळी कोसळली. 1,134 माणसे मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. इमारतीत पाच शिलाई कारखाने होते. आदल्या दिवशी तडे दिसताच खालच्या बँकेने आपले कर्मचारी घरी पाठवले. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले गेले. आत जायला कचरणाऱ्यांना पगार कापण्याची भीती घालण्यात आली. वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जड जनरेटर सुरू झाले आणि काही वेळातच मजल्यावर मजला बसत गेला. परवानगी दुकाने व कचेऱ्यांसाठी होती. वरचे मजले बेकायदा चढवलेले होते. त्याआधी पाचच महिने, नोव्हेंबर 2012 मध्ये, आशुलियातील ताझरीन फॅशन्सला लागलेल्या आगीत शंभराहून अधिक कामगार दगावले होते.

राणा प्लाझातील काही कारखान्यांची ‘सोशल ऑडिट’ आधीच झालेली होती, ही बाब ग्राहकाने नीट समजून घ्यावी. असा तपासनीस हजेरीपट, कामगारांची वये, आग विझवण्याची साधने पाहतो. खांब किती भार पेलतील हे पाहणे त्याच्या कामात येत नाही. त्याचे पैसे बहुधा ब्रँड किंवा कारखानदारच देतो आणि अहवाल कामगारांच्या हाती पडत नाही. म्हणून ‘आमचे सर्व पुरवठादार तपासलेले आहेत’ हे कंपनीच्या संकेतस्थळावरचे वाक्य पुरावा म्हणून धरू नये.

अकॉर्डचे वेगळेपण इथेच आहे. इंडस्ट्रिऑल आणि युनी या जागतिक कामगार महासंघांच्या सह्या असलेला हा करार कायद्याने बंधनकारक होता. दोनशेहून अधिक ब्रँड त्यात आले आणि सुमारे 1,600 कारखाने तपासले गेले. तपासणी स्वतंत्र अभियंत्यांनी केली, अहवाल कारखान्याच्या नावासह जाहीर झाले. दुरुस्तीला पैसा उभा राहील हे पाहण्याची जबाबदारी ब्रँडवर होती. दुरुस्ती टाळणाऱ्या कारखान्याला सह्या करणाऱ्या एकाही ब्रँडने काम द्यायचे नाही, असा नियम होता. धोका दिसल्यास काम नाकारण्याचा हक्क कामगाराला मिळाला. महासंघांनी 2016 मध्ये दोन ब्रँडविरुद्ध हेगच्या कायमस्वरूपी लवाद न्यायालयात दावे लावले आणि 2018 मध्ये त्यांतील एकाने तडजोडीत 23 लाख डॉलर देण्याचे मान्य केले. कपड्याच्या धंद्यात स्वेच्छेने घेतलेल्या शपथांना असे दात कधीच नव्हते. वॉलमार्ट, गॅप आदी उत्तर अमेरिकी कंपन्यांनी ‘अलायन्स’ ही आपली निराळी व्यवस्था उभारली; तिच्यात कामगार संघटनांना बरोबरीचे स्थान नव्हते.

बांगलादेशातील तपासणीचे काम 2020 मध्ये आरएमजी सस्टेनेबिलिटी कौन्सिलकडे गेले. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय अकॉर्ड झाला आणि 2023 मध्ये त्याचे काम पाकिस्तानात पोहोचले.

मजुरी कराराबाहेरच राहिली, हे त्याचे मोठे उणेपण. दुर्घटनेच्या वेळी किमान वेतन महिना 3,000 टका होते. ते त्याच वर्षाअखेर 5,300, 2018 मध्ये 8,000 आणि 2023 मध्ये 12,500 टका झाले. शेवटच्या वेळी संघटनांनी 23,000 मागितले होते. त्या मागणीसाठीच्या आंदोलनात कामगारांचे जीव गेले.

किमतीवरून कपड्याची पारख होत नाही. स्वस्तातला प्रायमार्क आणि महागातला बेनेटन, दोघांचाही माल राणा प्लाझात शिवला गेला होता. ब्रँडने अकॉर्डवर सही केली आहे का, कारखान्यांची नावे-पत्ते जाहीर केले आहेत का, हे दोन प्रश्न अधिक कामाचे. सह्या करणाऱ्यांची यादी खुली आहे आणि ‘ओपन सप्लाय हब’ या मोफत संकेतस्थळावर कारखाने शोधता येतात. ‘मेड इन बांगलादेश’ पाहून कपडा परत ठेवणे हा मार्ग नव्हे; त्या देशात लाखो बायकांचे घर याच शिवणकामावर चालते.

हा माल भारतातही येतो. मे 2025 मध्ये भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरची नाकी बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही बंदरे खुली ठेवली. भारतातील कारखान्यांना मात्र अकॉर्ड लागू नाही. तमिळनाडूत 2022 मध्ये झालेला दिंडिगल करार हा त्याच जातीचा, पण एका उत्पादकापुरता आणि मुख्यतः स्त्री-कामगारांच्या छळाविरुद्धचा. धारावीच्या माळ्यांवर ठेक्याने, पीसवर शिवणाऱ्या कारागिरांसाठी असा कोणताही करार नाही.