गिनी-बिसाऊ : प्रवासाची आखणी

गिनी-बिसाऊ : पश्चिम आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील लहान प्रजासत्ताक. क्षेत्रफळ ३६,१२५ चौ. किमी., म्हणजे आपल्या कोकण विभागाहून थोडे मोठे, लोकसंख्या सुमारे २० लाख, राजधानी बिसाऊ. उत्तरेस सेनेगल, पूर्वेस व दक्षिणेस गिनी हा वेगळा देश. तिकीट काढताना या दोन गिनींची, आणि विषुववृत्तीय गिनी या तिसऱ्या देशाची, गल्लत होऊ देऊ नये. राजभाषा पोर्तुगीज असली तरी बाजारात आणि होडीवर चालते ती क्रिओल. २४ सप्टेंबर १९७३ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली. पोर्तुगालने ते पुढच्या वर्षी मान्य केले.

या देशाच्या प्रवासाची आखणी दिवसांच्या हिशेबाने करून भागत नाही. ती पाण्याच्या हिशेबाने करावी लागते. किनारा खाड्यांनी आणि कांदळवनांनी चिरलेला आहे. भरती-ओहोटीतला फरक उधाणाला पाच मीटरांच्या आसपास जातो, म्हणजे मुंबईच्या उधाणाइतका. ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो आणि होड्या जागच्या जागी बसून राहतात. ‘होडी किती वाजता सुटते’ याचे खरे उत्तर ‘पाणी चढले की’ एवढेच असते. म्हणून सात दिवसांच्या बेतात निदान दोन दिवस मोकळे ठेवावेत. ते वाया जात नाहीत. धक्क्यावर बसून माणसे भेटतात.

पाऊस जून ते ऑक्टोबर. या काळात आतले मातीचे रस्ते बंद पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सुखाचा काळ. मात्र हार्माटान हा सहारातला कोरडा वारा डिसेंबरपासून आकाश धुळकट करतो. फेब्रुवारीच्या सुमारास बिसाऊत कार्निव्हल भरतो. गोव्यासारखाच तो पोर्तुगीज कॅथलिक वारसा, पण मुखवटे आणि नाच पूर्णपणे तिथल्या जमातींचे. एकदाच जायचे असेल, तर मार्च-एप्रिलचा उकाडा सोसूनही त्याच दिवसांत जावे, असे सुचवावेसे वाटते. कारण काजू.

काजूचे झाड ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात गोव्यात आणले. तेच झाड त्यांच्याच हातून गिनी-बिसाऊतही पोचले. आज देशाच्या निर्यात उत्पन्नातला बहुतेक वाटा एकट्या कच्च्या काजूबीचा आहे, आणि तिचे मोठे ग्राहक भारत व व्हिएतनाम. कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ येथील कारखान्यांत फुटणाऱ्या आफ्रिकी बीत इथलीही बी असते. मार्च ते जून अख्खी गावे झाडांखाली असतात. बायका आणि मुले पडलेले बोंडू गोळा करतात, पिळा देऊन बी वेगळी काढतात, बी पोत्यात आणि बोंडू टोपलीत टाकतात. बोंडूंचा रस काढून आंबवतात. त्याला ‘बिन्यू दि काजू’, म्हणजे काजूची वाइन, म्हणतात. हवेतला तो आंबटगोड दर्प सावंतवाडी-पेडण्याच्या माणसाला लगेच ओळखू येतो. हे दिवस पाहुण्याने हात मागे बांधून पाहण्याचे नव्हेत. टोपली धरली की गप्पा आपोआप सुरू होतात. या व्यवहाराची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. बी सोलण्याचे काम परदेशी जाते, भाव बाहेर ठरतो, आणि भाव पडला की बीच्या बदल्यात मिळणाऱ्या तांदळाचे मापही घटते.

तांदूळ इथेही पिकतो. बालांता लोक कांदळवन तोडून, मातीचे बांध घालून, खारे पाणी बाहेर रोखून भातखाचरे करतात. त्यांना ‘बोलान्या’ म्हणतात. गोव्याची खाजने आणि कोकणातली खारबंदिस्ती पाहिलेल्याला बांधावर उभे राहिल्यावर काही समजावून द्यावे लागत नाही. पावसाच्या गोड पाण्याने मीठ धुऊन काढायचे आणि बांध फुटू द्यायचा नाही, हीच दोन्हीकडची चिंता. या शेतीचा बारकाईने अभ्यास केलेला माणूस म्हणजे आमिल्कार काब्राल (१९२४–१९७३). बाफाता येथे जन्मलेल्या या कृषितज्ज्ञाने १९५० च्या दशकात वसाहत सरकारसाठी गावोगाव हिंडून शेतीची गणना केली, आणि पुढे त्याच माहितीच्या बळावर मुक्तिलढा उभारला. स्वातंत्र्य पाहण्याआधीच, २० जानेवारी १९७३ रोजी, शेजारच्या गिनीतील कोनाक्री येथे त्यांची हत्या झाली. त्यांची समाधी बिसाऊच्या आमुरा किल्ल्यात आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने आधी परवानगी घ्यावी आणि कॅमेरा पिशवीतच ठेवावा. बंदराजवळ पिजिगिती येथे ३ ऑगस्ट १९५९ रोजी संपावरच्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला. तिथले स्मारक उघड्यावर आहे आणि ते चुकवू नये.

बिजागोस द्वीपसमूहात ८८ बेटे असून कायमची वस्ती सुमारे २० बेटांवर आहे. १९९६ मध्ये तो युनेस्कोचा जीवावरण राखीव प्रदेश झाला आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. यादीतले हे या देशाचे पहिले स्थळ. मुक्काम बहुधा बुबाके बेटावर होतो. बिसाऊहून फेरीबोट सहसा शुक्रवारी जाते आणि रविवारी परतते. एरवी लाकडी होडी किंवा महागडी वेगबोट. बेटांवरून बिसाऊत परतणे आणि विमान यांत दोन दिवसांचे अंतर ठेवावे. ओरांगो बेटावर खाऱ्या पाण्यातही वावरणारे पाणघोडे आहेत. निर्मनुष्य पोइलाव बेटावर अटलांटिकमधल्या हिरव्या कासवांच्या सर्वांत मोठ्या विणीच्या जागांपैकी एक आहे, पण वीण भर पावसात असते. कासवे की कोरडे रस्ते, हे आधीच ठरवावे लागते. हिवाळ्यात युरोपातून येणारे किनारी पक्षी इथल्या चिखलावर लाखोंनी उतरतात. काही बेटे आणि राया पवित्र मानल्या जातात; तिथे विचारल्याविना पाऊल टाकू नये. आपल्या देवराईत कोणी चपला घालून शिरले तर जसे वाटेल, तसेच तिथे वाटते.

बोलामा ही १९४१ पर्यंतची राजधानी. या बेटावर ब्रिटन आणि पोर्तुगाल दोघांचाही दावा होता. १८७० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट यांनी निवाडा पोर्तुगालच्या बाजूने दिला. आता ग्रीक धाटणीच्या खांबांच्या सरकारी वाड्यात झाडोरा माजला आहे. उत्तरेकडील काशेउ येथे छोटा पोर्तुगीज किल्ला आणि गुलामांच्या व्यापाराचे स्मृतिसंग्रहालय आहे.

भारतातून थेट विमान नाही. लिस्बन, कासाब्लांका किंवा डाकार येथे विमान बदलावे लागते. सेनेगलमधल्या झिगिंशोरहून साव दोमिंगोस नाक्याने मोटारीनेही येता येते. पूर्वी या वाटेवर तरीची वाट पाहावी लागे, आता नद्यांवर पूल आहेत. व्हिसा आधी घ्यावा. चलन पश्चिम आफ्रिकी सीएफए फ्रँक, त्याचा दर युरोशी बांधलेला. राजधानीबाहेर कार्डावर विसंबू नये. युरोच्या नोटा जवळ असाव्यात. शहरात ‘तोका-तोका’ नावाच्या निळ्या-पिवळ्या गाड्या फिरतात, तर गावांकडे सात प्रवासी भरले की सुटणाऱ्या ‘सेत-प्लास’. जेवणात भात आणि मासळी, शेंगदाण्याचा दाट रस्सा. शाकाहारी माणसाचे हाल होऊ शकतात. शेंगदाणे, केळी आणि पाव यांवर दिवस काढायची तयारी हवी.

भाषेचे फारसे भय नको. क्रिओलमध्ये साबणाला ‘साबोन’, चावीला ‘चाबी’, काजूला ‘काजू’. पोर्तुगीजांनी ठेवलेले शब्द दोन्हीकडे नांदत आहेत. ‘कुमा दि कुर्पु?’ म्हणजे ‘अंग कसे आहे?’ हे विचारल्याशिवाय भावाची बोलणी सुरू करणे असभ्यपणाचे मानतात.

राजकीय स्थिती नाजूक आहे. १९८० आणि २०१२ मध्ये लष्कराने सत्ता उलथवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये निवडणुकीचा निकाल लागण्याआधीच पुन्हा तेच घडले. परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना पाहूनच तिकीट काढावे, आणि निवडणुकीच्या आसपासचे दिवस टाळावेत. हिवतापाची औषधे डॉक्टरांना विचारून सुरू करावीत, कारण इथला हिवताप बारमाही आणि घातक आहे. पीतज्वराची लस मात्र अनिवार्य. ती भारतात ठरावीक अधिकृत केंद्रांतच मिळते आणि दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. बेटांवरून बिसाऊत परतणे आणि विमान यांत दोन दिवसांचे अंतर ठेवावे. तो पिवळा दाखला पासपोर्टातच ठेवावा. तो नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.