पिंपल्स मोजायचे की त्रास?

आजचा विषय ऐकून हसू नका. पिंपल्स. म्हणजे मुरुम, तारुण्यपीटिका.

अकरावीत वर्गाचा ग्रुप फोटो होता, त्या दिवशी मी पोट दुखतंय सांगून घरी बसलो. खरं कारण गालावर होतं. घरचे म्हणायचे, “वयच आहे ते, जाईल.” गेलंही. पण त्या फोटोत मी नाही तो नाहीच.

आता बघा, हे “त्यात काय एवढं!” फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत मुरुमांना मुखदूषिका म्हटलंय, म्हणजे चेहरा बिघडवणारी. तरुणांच्या तोंडावर येणारे, सावरीच्या काट्यांसारखे दिसणारे फोड, असं नेमकं वर्णन आहे. पण ते कुठल्या यादीत? क्षुद्ररोगांच्या. किरकोळ आजार!

आधुनिक डॉक्टरही बराच काळ फक्त चेहरा बघत राहिले. किती फोड, किती डाग, त्यावरून सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरायचं. १९४८ मध्ये अमेरिकेत सल्झबर्गर आणि झाइडेन्स यांनी लिहिलं की, मुरुमांइतका मनाला घाव घालणारा आणि न्यूनगंड देणारा दुसरा आजार नसेल. पण हे झालं मत. आमच्या कामात ज्या बगचं तिकीटच नसतं, तो कुणी दुरुस्त करत नाही. इथेही तसंच झालं.

हे तिकीट काढलं वेल्समधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी. १९९२ मध्ये मोटली आणि फिनले यांनी आपल्याच लांबलचक प्रश्नावलीची छोटी आवृत्ती आणली. फक्त पाच प्रश्न. मुरुमांमुळे चिडचिड किंवा लाज वाटली का? मित्रमैत्रिणींत मिसळणं अवघड झालं का? लोकांसमोर कपडे बदलणं, पोहायला जाणं टाळलंत का? त्वचेकडे बघून कसं वाटतं? आणि तुमच्या मते त्रास किती आहे? प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण १५. इथे उत्तर डॉक्टरांचं नव्हतं, ज्याचा चेहरा त्याचं होतं.

मग १९९९ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला. मुरुमांवर उपचार घेणाऱ्यांनी सांगितलेला मानसिक आणि सामाजिक त्रास दमा, एपिलेप्सी, मधुमेह, संधिवात असलेल्यांइतकाच निघाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, डॉक्टरांना मुरुम किती तीव्र दिसतात आणि माणसाला त्रास किती होतो, याचा मेळच बसला नाही. चार पिंपल्सवालाही आतून पार खचलेला असू शकतो.

म्हणून घरातलं एखादं भावंड फोटो टाळत असेल, सारखं आरशासमोर जात असेल, तर “जाईल” म्हणून सोडून देऊ नका. पिंपल्स मोजू नका, त्याला विचारा. गरज वाटली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा, उपचार आहेत.

त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, तर कदाचित मीही फोटोत असतो.

भेटूया पुढच्या भागात!