शॅमी: सायकलच्या चड्डीतल्या गादीचा इतिहास आणि माझं चुकलेलं गृहीतक

गेल्या डिसेंबरात मी माझी पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे केली. ब्रेव्हे ही शर्यत नसते. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या जबाबदारीवर पूर्ण करायचं, एवढंच. २०० साठी साडेतेरा तास मिळतात. मला बारा तास आणि वर थोडी मिनिटं लागली. पाय ठीक होते, दम ठीक होता. बूड मात्र ठीक नव्हतं. पुढचे तीन दिवस लॅबमधल्या स्टुलावर टेकता येईना. "प्रगती अहवाल उभ्यानेच लिहिणार का?" असं सरांनी विचारलं, आणि मी खरंच उभ्याने लिहिला.

पुढची ब्रेव्हे ३०० ची होती. म्हणून पॅडवाली चांगली शॉर्ट्स घ्यायला दुकानात गेले. दुकानदार काकांनी सगळ्यात जाड गादीची चड्डी काढून समोर ठेवली. "मॅडम, लांब जायचंय ना? मग जाडच घ्या." मला ते पटलं. जाड म्हणजे मऊ, मऊ म्हणजे आरामदायी. ३०० किलोमीटरला २०० पेक्षा दीडपट जाड असती तर मी तीही घेतली असती! घरी येऊन चाळीस किलोमीटरची चाचणी घेतली आणि लक्षात आलं की आधीपेक्षा वाईट आहे.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पीएच. डी. च्या प्रवेश परीक्षेची किंवा पहिल्या संशोधन आराखड्याची तयारी करत असतील. हा लेख चड्डीबद्दलच आहे, पण मी अडकले ती जागा तुमच्या ओळखीची निघेल. "ही गादी कशासाठी आहे?" हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. उत्तर मला माहीत आहे असं धरून चालले होते.

सायकलवाले या गादीला 'शॅमी' म्हणतात. हा शब्द मुळात एका प्राण्याचा आहे. आल्प्स, पिरनीज, कार्पेथियन अशा युरोपच्या डोंगरांत राहणारा, बकरीसारखा दिसणारा, आकड्यासारख्या शिंगांचा प्राणी. त्याचं कातडं माशाच्या तेलात कमावलं की अतिशय मऊ, पिवळसर, पाणी शोषणारं चामडं मिळतं. गाडी पुसायला वापरतात ते शॅमी लेदर याच जातीचं. पुढे हे चामडं बहुतांशी मेंढीच्या कातड्याच्या आतल्या थरापासून बनू लागलं, तरी नाव त्या डोंगरी प्राण्याचंच राहिलं. आता तर आत चामडंही नाही, फोम आहे, आणि नाव अजून तेच. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटला आपण शिसं म्हणतो, तसंच हे. वस्तू दोनदा बदलली आणि शब्द जागचा हलला नाही. अशा वेळी फसायला होतं, कारण नाव एकच असल्यामुळे कामही एकच असेल असं आपण धरून चालतो.

तर जुनी शॅमी काय काम करायची?

१८९१ साली पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. शार्ल तेराँ याने ती सुमारे ७१ तासांत, जवळजवळ न झोपता जिंकली. १९०३ च्या पहिल्या तूर द फ्रान्समध्ये फक्त सहा टप्पे होते, पण अंतर २४२८ किलोमीटर. सगळ्यात छोटा टप्पा २६८ किलोमीटरचा. म्हणजे त्यांचा सोपा दिवस माझ्या पहिल्या ब्रेव्हेपेक्षा मोठा! साठ जण निघाले, एकवीस पोचले. रस्ते कच्चे, कपडे लोकरीचे. लोकर उबदार खरी, पण घामाने आणि पावसाने जड होते, लोंबते. म्हणून चड्डी वर धरून ठेवायला खांद्यावरून गॅलिस. आजच्या बिब शॉर्ट्सचे पट्टे म्हणजे त्या गॅलिसचेच वारस.

विणलेल्या लोकरी चड्डीला मधोमध शिवणी येतात, आणि त्या नेमक्या जिथे नकोत तिथे जमतात. एक हिशोब करून बघा. मिनिटाला ऐंशी फेरे धरले तर तासाला ४८००, आणि बारा तासांत ५७,६००. एवढ्या वेळा मांडी सीटच्या कडेला घासते. शिवण अर्धा मिलिमीटर वर आलेली असली तरी ती कानशीसारखं काम करते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शर्यतपटूंमध्ये रूढ झालेला शॅमीचा तुकडा या शिवणी झाकण्यासाठी आणि घाम टिपण्यासाठी होता. एक पातळ, गुळगुळीत थर. त्यात गादी नव्हतीच. दोन-तीन मिलिमीटरच्या चामड्यावर बसून कुणाला मऊ वाटणार?

मग मऊपणा कुठून यायचा? सीटमधून. बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८८२ मध्ये चामड्याच्या सीटचं पेटंट घेतलं. ती सीट म्हणजे लोखंडी चौकटीवर ताणून बसवलेलं जाड चामडं, छोटी झोळीच. काही महिने चालवली की तिला बसणाऱ्याच्या हाडांचा आकार येतो. झोळी भार घ्यायची, शॅमी घर्षण सांभाळायची. कामाची वाटणी स्पष्ट होती.

तरी शॅमीचे स्वतःचे नखरे कमी नव्हते. माशाच्या तेलातली असंतृप्त मेदाम्लं हवेशी संयोग पावतात आणि त्यातून तयार होणारी संयुगं कातड्यातल्या कोलॅजनला धरून बसतात. त्यामुळे हे चामडं भिजलं तरी कुजत नाही. पण साबणाने वारंवार धुतलं की उरलेलं तेल निघून जातं आणि वाळल्यावर शॅमी पापडासारखी कडक होते. मग ती हाताने चोळून मऊ करायची, वर लॅनोलिन किंवा व्हॅसलिनचा हात फिरवायचा. आज दुकानात 'शॅमी क्रीम' म्हणून डबी मिळते, तिचा उगम हा आहे. क्रीम मुळात चामड्याला लागायचं. चामडं गेलं, क्रीम राहिलं आणि आता ते आपल्या कातडीला लागतं.

हे जमलं नाही की काय व्हायचं, त्याची उदाहरणं थेट विजेत्यांच्या यादीत सापडतात. घासलेल्या कातडीत जंतू शिरतात, केसतोड होतं, त्याचं गळू होतं. लुईझों बोबे याने १९५५ मध्ये सलग तिसऱ्यांदा तूर जिंकली, तीही अशाच जखमांवर बसून. पुढे त्याला शस्त्रक्रिया करावी लागली. एडी मर्क्स, पाच वेळचा विजेता, याच दुखण्यामुळे १९७६ च्या तूरला उतरलाच नाही. आणि शॉन केली १९८७ च्या व्हुएल्तामध्ये आघाडीवर असताना, शर्यत संपायला थोडेच दिवस उरलेले असताना, गळवामुळे सायकलवरून उतरला. पुढच्या वर्षी त्याने तीच शर्यत जिंकली, म्हणजे पायांत काही कमी नव्हतं. ही माणसं त्या त्या काळातली सर्वोत्तम साधनं वापरत होती. माझी तीन दिवसांची उभ्याची शिक्षा त्यामानाने फारच स्वस्त पडली.

इथे एक थांबा. मी आत्तापर्यंत दिलेली सायकलस्वारांची सगळी नावं बघा. सगळे शर्यतपटू आणि सगळे पुरुष. नोंदी त्यांच्याच झाल्या म्हणून इतिहासही त्यांचाच. बायका सायकल चालवत नव्हत्या असं मुळीच नाही. पण त्यांचा कागदोपत्री इतिहास बुडाखाली काय होतं याचा नसून चड्डी घालायची परवानगी होती का याचा आहे. १८९८ मध्ये इंग्लंडात लेडी हार्बर्टन सायकलवरून ऑकमच्या एका हॉटेलात गेल्या, तेव्हा घागऱ्याऐवजी सैल विजारीसारखा पोशाख घातलाय म्हणून मालकिणीने त्यांना कॉफीच्या खोलीत बसू दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि त्या हरल्या. त्यामुळे "शॅमी सायकलस्वारांना पुरेशी होती" असं वाक्य कुठे वाचलंत तर पहिला प्रश्न विचारा: कुठल्या सायकलस्वारांना? तुमच्या विषयातही नमुना कुणाचा आहे हे असंच तपासावं लागेल.

आता माझ्या आवडीचा भाग, कारण मी पॉलिमरची विद्यार्थिनी. १९५८ मध्ये अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ शिव्हर्स यांनी एक धागा बनवला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो 'लायक्रा' नावाने बाजारात आला. उद्देश होता बायकांच्या कंबरपट्ट्यांतलं रबर बदलण्याचा. सायकल कुणाच्या डोक्यातही नव्हती. या धाग्याच्या रेणूत मऊ आणि कडक असे तुकडे आळीपाळीने असतात. मऊ तुकडे गुंडाळलेल्या दोऱ्यासारखे उलगडतात, कडक तुकडे एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून धागा मूळ लांबीच्या पाचपटीहून जास्त ताणला जाऊन परत येतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लायक्राच्या सायकल शॉर्ट्स आल्या. पहिल्या कुणी आणल्या? स्वित्झर्लंडची असोस म्हणते आम्ही, इटलीची कास्तेल्ली म्हणते आम्ही. दोघींच्याही इतिहासाच्या पानावर श्रेय आपलंच. कंपनीने स्वतःबद्दल लिहिलेला इतिहास हा पुरावा असतो, पण मुख्यतः कंपनीला काय मिरवायचंय याचा. पहिलेपणाचा दावा वाचलात की दावा करणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे तेही त्याच ओळीत लिहून ठेवा. मी वहीत तसा वेगळा रकानाच केलाय.

लायक्राने खरा फरक केला तो असा, की चड्डी कातडीला चिकटली. आता कापड कातडीवर सरकत नाही. सरकलंच तर सीटवर सरकतं. (आत अंतर्वस्त्र का घालू नये, याचं उत्तर इथेच आहे. घातलं तर शिवणी परत येतात आणि सरकायला एक थर वाढतो. माझ्या पहिल्या ब्रेव्हेत मी नेमकं हेच केलं होतं.) पण ताणल्या जाणाऱ्या कापडात न ताणलं जाणारं चामडं कसं टिकणार? शिवाय चड्डी यंत्रात धुता येते, शॅमी नाही. १९८० च्या दशकात चामडं मागे पडलं, कृत्रिम कापड आलं आणि त्याखाली फोम आला. हा फोम आणि तो लायक्राचा धागा, दोघंही पॉलियुरेथेनच्याच घराण्यातले. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या रसायनशास्त्राची ही दोन लेकरं एकाच चड्डीत येऊन भेटली.

तोवर सीटही बदलली होती. १९६० च्या दशकापासून प्लास्टिकच्या कवचाच्या हलक्या सीट रूढ होत गेल्या. कवच हलकं असतं, पावसाला भीत नाही, पण झोळीसारखं आकार घेत नाही. मला वाटतं, गादी इथे सीटमधून चड्डीत उतरली. हा माझा तर्क आहे. घटनांचा क्रम त्याला धरून आहे, पण क्रम म्हणजे कारण नव्हे. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही हे दोन वेगळ्या वाक्यांत लिहा.

हे सगळं वाचल्यावर काकांची जाड गादी का लागली ते कळलं. बसताना भार दोन हाडांवर यायला हवा, तिथली कातडी आणि स्नायू तो सहन करतात. कमी घनतेचा जाड फोम असेल तर हाडं त्यात रुततात आणि मधला नाजूक भाग वर दाबला जातो. शिवाय तासाभरात फोम चेपतो आणि उरते फक्त जाडी, जी मांड्यांच्या आत घासते. म्हणजे बघायची ती घनता, आणि हाडांमधलं अंतर. ते बायकांमध्ये सरासरीने जास्त असतं, म्हणून पुरुषांच्या चड्डीचा छोटा साइज हा आपल्यासाठी पर्याय नाही. दाबून बघायची सोपी रीत: अंगठ्याने जोरात दाबा. अंगठा सहज तळाला लागला तर ती गादी लांबच्या पल्ल्याची नाही. आणि घालून बघताना आरशासमोर उभं राहू नका, हँडल धरल्यासारखं वाका. उभं असताना नीट बसणारी चड्डी वाकल्यावर मागून खाली ओढते.

बिब घ्यायची की कमरेची, यावर मी दोन आठवडे घालवले. बिब सरकत नाही, पोटाला इलॅस्टिक काचत नाही. पण हायवेवर धड शौचालय नसलेल्या पट्ट्यात बाईमाणसाला जर्सीसकट सगळं उतरवायला लागणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. कमी पाणी पिऊन तो प्रश्न सोडवणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्यात, आणि ते कुठल्याही केसतोडापेक्षा वाईट. मी रुंद पट्ट्याची कमरेची घेतली.

मुंबईहून ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले होते. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ च्या मार्चमध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर करून परतले. लायक्रा जन्मायला तेव्हा तीस वर्षं होती. आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या सायकलिंगची गोष्ट निघाली की लोक थेट २०१५ च्या रेस अक्रॉस अमेरिकावर, नाशिकच्या महाजन बंधूंवर येतात; त्यांचं कौतुक आहेच, पण मधली नव्वद वर्षं कुणी नीट लिहिलीत का ते शोधतेय. विषयाच्या शोधात असाल तर घ्या, माझ्याकडून भेट.

फेब्रुवारीत ३०० केली. वीस तासांची मर्यादा, मला अठरा लागले. शॅमी पातळ, घट्ट फोमची, आत काही नाही. पहाटे चारला घाटाखालच्या टपरीवर चहा घेताना बाकड्यावर बसता आलं, हे मी मुद्दाम बसून तपासलं. २४० किलोमीटरनंतर डाव्या मांडीला एक रेघ काचली होती. गादीची नाही, पायाच्या इलॅस्टिकची, तिथली शिवण वर आली होती. ४०० ला सत्तावीस तास मिळतात. त्यासाठी दुसरी चड्डी पिशवीत घेणार आहे, आणि त्या शिवणीचं काय करायचं ते परवा गल्लीतल्या शिंपीकाकांना विचारणार आहे.