परदेश कोणाचा?



परदेशी जाऊन राहिलेल्या मिशनरी कुटुंबाची गोष्ट निघाली, की पहिल्या पिढीचे कष्टच आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु खरी कसोटी असते ती दुसऱ्या पिढीची. अमेरिकन मराठी मिशनचे ह्यूम घराणे त्याची साक्ष देते.

रॉबर्ट विल्सन ह्यूम व त्यांच्या पत्नी हॅना १८३९ साली मुंबईस आली. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर, १८५४ साली मायदेशी परतत असता रॉबर्ट यांना समुद्रावरच मृत्यूने गाठले. हॅनाबाई मुलांना घेऊन अमेरिकेस गेल्या. त्यांच्यापुरते ते घरी परतणे होते; पण १८४७ साली मुंबईत जन्मलेल्या रॉबर्ट अ‍ॅलन या मुलाला आईवडिलांचा मायदेश हाच परदेश होता.

येल येथे शिक्षण घेऊन रॉबर्ट अ‍ॅलन १८७४ साली पुन्हा इकडे आले आणि अहमदनगरास राहिले. १८७८ साली त्यांनी तेथे धर्मोपदेशकांसाठी सेमिनरी काढली. त्यांचे बंधू एडवर्ड यांनी मुंबईत मिशनचे हायस्कूल चालविले. पुढे नारायण वामन टिळक नगरच्या सेमिनरीत शिकवू लागले, आणि त्यांच्या अभंगांनी व भजनांनी मराठी ख्रिस्तमंडळीची उपासना अस्सल मराठी झाली. परक्या चालींवर गाणारी मंडळी स्वतःच्या वाणीने गाऊ लागली. पाहुण्याने यजमानास आपले गाणे गाऊ द्यावे, यापरते मोठे रुळणे कोणते?

बीदर-कलबुर्गीच्या सीमेवर कन्नड, मराठी व उर्दू ऐकत वाढणाऱ्या आपल्या मुलांपुढेही हाच प्रश्न आहे. भूमी आपली होते ती जन्माच्या दाखल्याने नव्हे. तेथील माणसांची भाषा मनापासून आपली मानल्याने.