समनामी व्यक्ती (बीड जिल्हा)

एकाच नावाने ओळखल्या गेलेल्या आणि त्यामुळे एकमेकांत मिसळलेल्या, बीड जिल्ह्याशी संबंध असलेल्या किंवा जोडल्या गेलेल्या ऐतिहासिक व वाङ्मयीन व्यक्ती. यादवकाळापासून पेशवाईपर्यंतच्या मराठी ग्रंथकारांना आजच्या अर्थाने आडनाव क्वचितच असे. गाव, गुरू आणि काव्याच्या शेवटी येणारी नाममुद्रा यांवरच माणूस ओळखायचा. यांपैकी एखादा धागा तुटला की दोन माणसांचा एक होतो किंवा एकाचे दोन होतात. ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानेश्वर वेगळे होते, असा वाद शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला, तो याच जातीचा. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या अभंगांची सरमिसळ तर अजून पुरती सुटलेली नाही. बीड जिल्ह्यात हा गुंता सर्वांत दाट आहे तो अंबाजोगाईत.

मुकुंदराज आणि जैत्रपाल : ‘विवेकसिंधु’ या ग्रंथाचा कर्ता मुकुंदराज हा परंपरेने मराठीचा आद्यकवी. ग्रंथात शके १११०, म्हणजे इ.स. ११८८, हा रचनाकाळ येतो. तो खरा धरला तर ग्रंथ ज्ञानेश्वरीच्या आधी जवळपास शंभर वर्षांचा ठरतो. अंबाजोगाईजवळ बालाघाटच्या डोंगरात मुकुंदराजांची समाधी दाखवतात आणि गावाला आद्यकवीचे गाव म्हणून मान आहे. ‘परमामृत’ हाही त्यांचाच ग्रंथ मानतात. आदिनाथ, हरिनाथ, रघुनाथ (काही ठिकाणी रामचंद्र) आणि मग मुकुंदराज अशी त्यांची गुरुपरंपरा सांगितली जाते.

अडचण अशी, की ग्रंथात उल्लेख आहे तो वैन्यागंगेच्या तीरावरील अंबानगरीचा. अंबाजोगाईतून वाहते ती जयंती. वैनगंगा विदर्भात, आणि तिच्या काठी नागपूर जिल्ह्यात आंभोरे आहे. तिथे मुकुंदराजांचे परात्पर गुरू हरिनाथ यांची समाधी दाखवतात. नदीच्या साक्षीने आंभोऱ्याची बाजू जड होते, समाधीच्या परंपरेने अंबाजोगाईची. ग्रंथ एका जागी झाला आणि देह दुसऱ्या जागी ठेवला, अशी तडजोडही मांडली जाते. ती अशक्य नाही, पण ती दोन्ही गावांना खूश ठेवते, एवढ्यानेच जपून घ्यावी.

राजाच्या नावाने घोळ आणखी वाढतो. कथा अशी : राजा जैत्रपाल साधू-ब्राह्मणांना पकडून देव दाखवा म्हणे. न दाखवणाऱ्यांना तळे खणायला लावी. त्याची अट अशी, की रिकिबीत पाय ठेवल्यापासून घोड्यावर मांड टाकेपर्यंत ब्रह्म दिसले पाहिजे. मुकुंदराजांनी ती पुरी केली, राजा शिष्य झाला आणि कैदी सुटले. हा जैत्रपाल कोण? देवगिरीच्या यादवांत त्या नावाचा राजा आहे, जैतुगी ऊर्फ जैत्रपाल. पण तो गादीवर आला सुमारे ११९१ मध्ये. ११८८ ला राज्य होते त्याच्या बापाचे, पाचव्या भिल्लमाचे. पुढे यादव राजा सिंघण याच्या मुलाचेही नाव जैतुगीच, मात्र तो बापाच्या हयातीतच वारला, गादी मिळाली ती नातवाला, कृष्णाला. तिसरा जैतपाल मध्य प्रदेशातल्या बैतूलजवळच्या खेरला किल्ल्याचा. तिकडे हीच कथा त्याच्या नावाने सांगतात, आणि वैनगंगेपासून तो देवगिरीकरांइतका लांबही नाही.

यादव जैत्रपाल धरायचा, तर ग्रंथ झाला तेव्हा तो युवराज होता असे म्हणावे लागते किंवा शके १११० सोडून द्यावा लागतो. यादव जैत्रपाल आणि शके १११० दोन्ही तसेच ठेवून त्याला राजाही म्हणायचे, हे कोष्टक जुळत नाही. शिवाय हाती असलेल्या पोथ्यांची भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा अर्वाचीन वाटते, अशी शंका आहेच. लोकप्रिय ग्रंथाची भाषा लेखनिकांच्या हातून नवी होत जाते, म्हणून केवळ भाषेवरून शक खोटा ठरवणेही घाईचे होईल. अंबाजोगाईचे यादवकालीन महत्त्व मात्र मुकुंदराजांवर अवलंबून नाही. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे तेराव्या शतकातले शिलालेख तिथे आहेत आणि त्याच्या नावाचे देऊळही आहे.

भास्कर : ‘सिद्धान्तशिरोमणी’कार भास्कराचार्य (जन्म शके १०३६, इ.स. १११४) यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे ‘विज्जडविड’ असे सांगितले आहे. ‘विड’ म्हणजे बीड, असे मानून जिल्हा त्यांच्यावर हक्क सांगतो. विजापूरही याच नादसाम्यावर तोच हक्क सांगते. लेखी पुरावा सापडतो तो चाळीसगावजवळच्या पाटण्याला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि त्याचा शिलालेख आहे. त्याच लेखात चांगदेवाचा बाप लक्ष्मीधर याला जैत्रपालाने पाटण्याहून आपल्याकडे नेल्याचे येते. हा जैत्रपाल निःसंशय यादव. बीडच्या बाजूने नावातल्या एका अक्षरसमूहाखेरीज काही नाही आणि तेवढ्यावर जन्मगाव ठरत नाही.

याआधी सातव्या शतकात आर्यभटीयाचा भाष्यकार भास्कर होऊन गेला. त्याचे भाष्य ६२९ सालचे. म्हणून गणिताचे इतिहासकार ‘भास्कर पहिला’ आणि ‘भास्कर दुसरा’ असे क्रमांक लावतात. भारताने १९७९ आणि १९८१ मध्ये सोडलेल्या दोन उपग्रहांची नावेही भास्करच. तिसरा भास्कर गणिती नव्हे, तर महानुभाव कवी : ‘शिशुपालवध’ आणि ‘उद्धवगीता’ लिहिणारा भास्करभट्ट बोरीकर, चौदाव्या शतकाच्या आरंभीचा. त्याच्या नावाला गाव चिकटलेले असल्याने त्याची गल्लत सहसा होत नाही.

वर आलेला चांगदेवही एकटा नाही. ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवणारा योगी चांगदेव आणि महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी चांगदेव राऊळ हे त्याच्याहून वेगळे.

जनार्दन : देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी (१५०४–१५७५) यांच्या शिष्यांनी आपल्या नावापुढे गुरूचे नाव जोडले. एकनाथ ‘एका जनार्दन’ झाले. ज्ञानेश्वरांची घरोघर म्हटली जाणारी आरती रचणारे ते ‘रामा जनार्दन’. तिसरे ‘जनी जनार्दन’, त्यांची समाधी बीडला आहे. दासोपंत आणि विठा रेणुकानंदन यांच्यासह हे पाच जण परंपरेत नाथपंचक म्हणून मोजले जातात. जनी जनार्दन हे पुरुष. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची संत जनाबाईही अभंगात ‘जनी’ म्हणवते, म्हणून नुसता ‘जनी’ हा शब्द पाहून पद तिच्या नावावर घालणारे भेटतात. जनाबाईच्या मुद्रेत गुरू नामदेव असतो, जनार्दन नव्हे. एवढे पाहिले तरी पुरते.

दासोपंत (१५५१–१६१५) अंबाजोगाईत राहिले आणि तिथेच समाधिस्थ झाले. त्यांच्या ‘दिगंबर’ या मुद्रेत घोळ दुहेरी आहे. वडिलांचे नाव दिगंबरपंत आणि उपास्य दत्तही दिगंबर. ‘दिगंबरानुचर’ असेही ते म्हणवत, त्यामुळे मुद्रेचा रोख दत्ताकडेच आहे हे उघड होते. त्यांची सुमारे चाळीस फूट लांबीची पासोडी अंबाजोगाईत जपलेली आहे. कापडाच्या त्या पट्ट्यावर पंचीकरणाचा विषय ओव्यांत मांडला आहे. ‘पंचीकरण’ नावाची रचना मुकुंदराजांच्या नावावरही सांगतात. विषयाचेच नाव ग्रंथाला देण्याची रीत असल्याने या मथळ्याचे साम्य फारसे अर्थपूर्ण नाही.

एकनाथ : पैठणचे संत एकनाथ (मृत्यू १५९९) बीडचे नव्हेत. जिल्ह्याचे एकनाथ म्हणजे एकनाथ आवाड (मृत्यू २०१५). दुकडेगावच्या पोतराजाच्या घरात जन्मलेल्या आवाडांनी मानवी हक्क अभियान उभे केले आणि मराठवाड्यात दलितांच्या नावे गायरान जमिनी होण्यासाठी लढा दिला. ‘जग बदल घालुनी घाव’ हे त्यांचे आत्मकथन. या दोघांत चारशे वर्षांचे अंतर असल्याने गोंधळाला वाव नाही.

निवाडा : बीडच्या दोन मोठ्या दाव्यांपैकी भास्कराचार्यांचा दावा टिकत नाही. मुकुंदराजांचा दावा समाधीपुरता ग्राह्य आहे, ‘विवेकसिंधु’च्या रचनास्थानापुरता नाही. यादव जैत्रपालाला मुकुंदराजांचा शिष्य ठरवणारी विधाने शकाचा हिशेब दिल्याशिवाय उद्धृत करू नयेत.